छोटा पोर्टेबल प्रोजेक्टर घेतलाय, पण हॉलमध्ये चित्र पुसट येतं. बैठकीसाठी तो नीट कसा लावायचा?

आधी एक विनंती: लगेच दुसरा प्रोजेक्टर घ्यायला जाऊ नका. ५०० ल्युमेनचं (ल्युमेन म्हणजे यंत्राच्या एकूण उजेडाचं माप) यंत्र, ४० दुकानदार, तालुक्याच्या गावातला हॉल आणि भर दुपार, असं तुम्ही लिहिलंय. मी ठिबक सिंचनाचं प्रशिक्षण देत सातारा, सांगली, सोलापूर भागात फिरतो. माझं यंत्रही याच ताकदीचं आहे आणि मंगल कार्यालयापासून ग्रामपंचायतीच्या सभागृहापर्यंत सगळीकडे ते चालवलंय. बहुतेक वेळा चित्र मारलं जातं ते हॉलमधल्या उजेडामुळे. त्यामुळे मी आधी हॉल लावतो, मग प्रोजेक्टर.

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. जिथे काळं हवं तिथे तो फक्त आपला उजेड अडवतो, आणि तिथली भिंत आहे तशी दिसते. म्हणजे ट्यूबलाइटने भिंत उजळलेली असेल तर तीच उजळ भिंत तुमचा काळा रंग. हिशेब करून बघा. २ मीटर रुंदीचं १६:९ चित्र म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. त्यावर ५०० ल्युमेन पसरले की साधारण २२० लक्स (म्हणजे दर चौरस मीटरवर तेवढे ल्युमेन) उजेड पडतो. ट्यूबांचाही तेवढाच उजेड भिंतीवर आधीच असेल, तर पांढरं हे काळ्याच्या फक्त दुप्पट उजळ. अक्षरं पुसट दिसणारच. तेच चित्र दीड मीटरचं केलं की उजेड ४०० लक्सच्या जवळ जातो, आणि भिंतीजवळच्या ट्यूबा बंद केल्या की फरक समोरच दिसतो.

हे करायला सोपं आहे, पण माणसं मोठ्या चित्राच्या मोहात पडतात. चित्र लहान ठेवा आणि खुर्च्या पुढे ओढा. मागच्या ट्यूबा चालू राहू द्या, लोकांना टिपणं घ्यायची असतात. सगळ्या ट्यूबा एकाच बटणावर असतील तर हॉल सांभाळणाऱ्या माणसाला सांगून पुढची तेवढी काढून घ्या. खिडकीसमोरची भिंत टाळा, आणि ज्या भिंतीत खिडक्या आहेत तीही टाळा. डिस्टेंपर लावलेली पांढरी भिंत उत्तम चालते. ऑइल पेंटची भिंत आणि चकचकीत व्हाइटबोर्ड मात्र नको, मधोमध झळाळणारा ठिपका दिसतो. चादर लावायची वेळ आलीच तर खालच्या कडेला बांबूची काठी घालून ताणा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने अक्षरं हलत राहतात.

खोक्यावरचा ल्युमेनचा आकडाही एकदा तपासा. ‘आन्सी’ किंवा ‘आयएसओ’ ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले, असं लिहिलं असेल तरच तो धरा. स्वस्त यंत्रांवर नुसतेच हजारोंचे आकडे छापलेले असतात. आणि बॅटरीवर चालवलं की बऱ्याच मॉडेलमध्ये उजेड आपोआप कमी होतो, म्हणून बैठकीत वीजजोडणीवरच चालवा. लांब एक्स्टेंशन बोर्ड बरोबर ठेवा. बॅटरी वीज गेल्यावर कामाला येते.

आता अंतर. माहितीपुस्तिकेत ‘थ्रो रेशो’, म्हणजे भिंतीपासूनचं अंतर आणि चित्राची रुंदी यांचं गुणोत्तर, दिलेला असतो. तो १.२ असेल तर चित्राच्या रुंदीला १.२ ने गुणायचं: दीड मीटर रुंदीसाठी भिंतीपासून १.८ मीटर. प्रोजेक्टर पडद्याच्या मध्याशी काटकोनात ठेवा. तिरका ठेवून कीस्टोनने (तिरपं चित्र चौकोनी करणाऱ्या सेटिंगने) चित्र सरळ करायची सवय मला पटत नाही. कीस्टोन चित्राचा आकार सुधारतो, पण त्यासाठी काही पिक्सेल वापरातून काढून टाकतो, म्हणून अक्षरांची धार आणि उजेड दोन्ही घटतात. त्यापेक्षा टेबल सरकवा, खाली दोन जाडजूड पुस्तकं ठेवा. किरकोळ तिरकेपणा राहिला तर तेवढ्यापुरता कीस्टोन वापरा. गादीवर किंवा टेबलक्लॉथच्या घडीवर यंत्र ठेवू नका, हवा जाण्याची भोकं बंद होतात.

जोडणीसाठी वायरलेसवर विसंबू नका. एकदा एका मंगल कार्यालयात ६० शेतकरी बसलेले असताना माझं वायरलेस जोडणं दर दोन मिनिटांनी तुटत होतं. शेवटी ठिबकची नळी हातात धरून तोंडीच समजावलं. तेव्हापासून ५ मीटरची एचडीएमआय केबल पिशवीत असतेच. लॅपटॉपला नुसतं यूएसबी-सी असेल तर घरीच जोडून बघा, कारण प्रत्येक यूएसबी-सी खाचेतून चित्र बाहेर जात नाही. मोबाइलचंही तेच. केबल लावूनही पडदा रिकामा दिसला तर विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. केबल लावली की आवाजही प्रोजेक्टरच्या स्पीकरकडे जातो, आणि तो ४० माणसांना पुरत नाही. लॅपटॉपमध्ये आवाजाची जागा बदलून वेगळा स्पीकर लावा.

मराठी स्लाइडबद्दल जरा जास्त सांगतो, कारण यात बरेच जण अडकतात. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटमध्ये केलेली स्लाइड दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की मजकुराच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावला तर जोडाक्षरं तुटण्याचीही शक्यता असते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये लिहा आणि शेवटी पीडीएफ करून ती प्रत सोबत ठेवा. अक्षरं २८ पॉइंटच्या खाली नेऊ नका. आपल्या लिपीत वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार बारीक असतात, आणि उजेडाच्या हॉलमध्ये आधी तेच दिसेनासे होतात. दरपत्रकाचा अख्खा तक्ताच पडद्यावर टाकू नका, छापून हातात द्या. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं ठेवा. गडद निळी पार्श्वभूमी ऑफिसच्या मॉनिटरवर छान दिसते, पण अशा हॉलमध्ये राखाडी होऊन जाते.

बैठकीच्या तासभर आधी पोहोचा. सगळं लावून झालं की मागच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत स्वतः बसून सगळ्यात बारीक अक्षराची स्लाइड वाचा. वाचता आली नाही तर चित्र मोठं करण्याआधी पुढची आणखी एक ट्यूब बंद करून बघा. संपल्यावर यंत्राच्या आतला पंखा थांबेपर्यंत ते बॅगेत घालू नका.

प्रोजेक्टरचा थ्रो रेशो आणि हॉलची लांबी-रुंदी कळवलीत तर टेबल नेमकं कुठे ठेवायचं ते काढून देतो.