विरोधात बोललं की राजकारणी लगेच 'देशद्रोही' का म्हणतात?

कारण ते सोपं पडतंय भावा. रस्त्याचं, पाण्याचं विचारलं तर उत्तर द्यायला अभ्यास लागतो, पण 'हा देशद्रोही' म्हणायला पुरावाबिरावा काही लागत नाही, आणि मग समोरचा आपली निष्ठा सिद्ध करत बसतो, मूळ प्रश्न गेला उडत.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातलीच केस बघा. एका प्राध्यापकानं व्हॉट्सॲप स्टेटसला काश्मीरचं कलम ३७० हटवलं तो ५ ऑगस्ट 'काळा दिवस' म्हणून टाकला आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. झालं, गटागटांत वैर पसरवल्याचं कलम १५३अ लावून गुन्हा दाखल. हायकोर्टानं पण रद्द केला नाही, शेवटी मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केला आणि स्पष्ट सांगितलं की सरकारच्या निर्णयावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. पण तोवर त्या माणसाच्या डोक्यावर केस होतीच ना, ते कोण भरून देणार?

अमेरिकेत पण हेच झालेलं. १९५० ला सिनेटर मॅकार्थी म्हणाला परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट घुसलेत, माझ्याकडं यादी आहे, आकडा मात्र दरवेळी वेगळा. १९५४ ला सिनेटनंच त्याच्या निषेधाचा ठराव केला, पण त्या वातावरणात कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच.

त्यामुळं कोल्हापूरच्या बिंदू चौकातल्या सभेत असला आरोप ऐकला की मी एवढंच बघतो, नेमकं कुठलं वाक्य, कुठली कृती, आणि त्यात हिंसेला चिथावणी आहे का. १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालात राजद्रोहासाठी सुप्रीम कोर्टानं हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवायचा हेतू वा कल, अशीच कसोटी लावलीय.