कॅलिबर, बोअर आणि मोचीचा साचा

एका वाचकाचा प्रश्न: ‘जुन्या, मोठ्या फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरांविषयी वाचतोय. .४४ कॅलिबर म्हणजेच ४४ बोअर ना? आणि कॅलिबरला मराठीत “क्षमता” म्हणावं का?’

दोन्हींचं उत्तर नाही. ‘३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर जप्त’ असं वाचून वाचून डोकं उठलंय. बोअरचा हिशेब वजनावर चालतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. खरोखरची ३२ बोअर नळी अर्ध्या इंचाहून रुंद भरते. बातमीतलं हत्यार इंचाच्या तिसऱ्या हिश्शाएवढंही नसतं. कॅलिबर म्हणजे सरळ नळीचा व्यास, इथे इंचात. ‘क्षमता’ हा माणसाबद्दल बोलतानाचा लाक्षणिक अर्थ, तो परत बंदुकीला चिकटवू नये. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम या काडतुसांच्या गोळीचा व्यास एकच आहे, जोरात मात्र जमीनअस्मानाचं अंतर.

आता शब्दाकडे. काही जुने कोशकार कॅलिबर हा लॅटिन ‘क्वा लिब्रा’, म्हणजे ‘किती वजनाचं’, यावरून काढतात. मला हे साफ अमान्य. वजन बोअरला लागू. कॅलिबरच्या पोटात साचा आहे. अरबी ‘कालिब’ म्हणजे साचा, तो इटालियन-फ्रेंच वाटेनं युरोपभर गेला. अरबीत आला ग्रीक ‘कालापूस’वरून: ‘कालोन’ लाकूड, ‘पूस’ पाय. मोची ज्यावर चामडं ताणून खिळे ठोकतो तो लाकडी पाय! हाच ग्रीक शब्द फारसीत ‘कालबुद’ झाला आणि आपल्याकडे ‘कालबूत’. ग्रीक ‘पूस’ आणि संस्कृत ‘पद’ एकाच मुळाचे. म्हणजे कॅलिबर आणि कालबूत ही भावंडं, आणि दोघांतही आपला पाय दडलेला.

जुन्या रिव्हॉल्व्हरांची गोडीही मला या साच्यातच दिसते. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी बंदूक कंपनीच्या पहिल्या .४४ काडतुसात गोळी पुंगळीइतकीच रुंद असे. गोळीला वंगण म्हणून लावलेली चरबी बाहेर उघडी, तिला धूळ चिकटायची. १८७०च्या दशकाच्या आरंभी रशियन सैन्यानं गोळी पुंगळीच्या आत बसवून मागितली. ती आत जायची तर बारीक व्हायलाच हवी. साचा बदलला, व्यास .४२९ इंचाच्या आसपास आला, पण नाव .४४च राहिलं. पुढे याच कंपनीच्या ‘ट्रिपल लॉक’ रिव्हॉल्व्हरचं .४४ स्पेशल काडतूस आणि १९५०च्या दशकातलं .४४ मॅग्नम, दोघांनी तेच खोटं नाव चालवलं.

आणि प्रयोगशाळेतलं व्हर्नियर कॅलिपर? तेही कॅलिबरचंच रूप. पोलिओ झालेल्या मुलाच्या पायाला पट्ट्यांनी बांधतात तो कॅलिपरसुद्धा.