टायर मोठे टाकलेस? आधी मीटरचा हिशोब बघ

भावा, पिकअपला २१५/७५ आर १५ मापाचे टायर (रुंदी मिमीत/उंची रुंदीच्या टक्क्यात, मग रिम इंचात) काढून २३५/७५ आर १५ टाकतोयस, तर हे आधी समजून घे. मीटर रस्ता मोजत नाही, गिअरबॉक्समधून मागे जाणारा शाफ्ट किती फिरला तेवढंच मोजतो. जुन्या टायरचा व्यास साधारण ७०३ मिमी, नव्याचा ७३३. म्हणजे एका फेऱ्यात गाडी जवळपास ९४ मिमी जास्त पुढे जाते आणि मीटरला त्याचा पत्ताच नसतो. काटा ८० वर असताना तू खरा ८३ च्या वर असतोस. किलोमीटरही कमी पडतात, त्यामुळे ॲव्हरेज घसरल्यासारखं वाटतं. उगाच मिस्त्रीला इंजिनाचा डिझेल पंप काढायला लावू नकोस!

कागदावरच्या मापावर फार विसंबू नको. हवा बरोबर भर, नेहमीचा माल लाद, मागच्या टायरवर आणि खाली जमिनीवर खडूची रेघ मार. टायरवरची रेघ पुन्हा खाली येईपर्यंत गाडी सरळ ढकल आणि टेपने अंतर मोज. जुन्या टायरवर हेच आधी करून ठेवलंस तर तुलना पक्की होते. मग मोकळ्या हायवेवर शेजारच्याला मोबाईलचा जीपीएस बघायला सांग, तू स्वतः बघू नकोस.

कंपनीचा मीटर मुळातच किंचित जास्त दाखवतो, म्हणून थोडा फरक त्यात जिरतो. पण स्पीड गव्हर्नर (गाडीचा वेग ठराविक मर्यादेत अडवणारं यंत्र) मीटरच्याच सेन्सरवर असेल तर तोही चुकतो, तेव्हा सर्व्हिस सेंटरमध्ये नवं माप भरून घेच.