सहावीपासून कॅथलिक शाळा: धर्माचा तास आणि गणिताचा तास

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा पाचवीत आहे. पुढच्या वर्षी त्याला पब्लिक मिडल स्कूलऐवजी घराजवळच्या कॅथलिक शाळेत घालावं असं मला वाटतं. वर्ग लहान आहेत, शिस्त चांगली आहे आणि फी ओढाताण करून का होईना, झेपेल. मी स्वतः पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटत नाही. नवऱ्याच्या दोन शंका आहेत: धर्माचं काय करायचं, आणि गणितात मागे पडला तर? सासूबाईंचं मत तर विचारूच नका.

उत्तर: ताई, सर्वांत आधी पुण्याचं कॉन्व्हेंट डोक्यातून काढून टाका. तिथे तुम्ही इतर शाळांसारखाच बोर्डाचा अभ्यासक्रम शिकलात. कॅथलिक मुली कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला, गेल्या की तुम्ही बाकीच्या मॉरल सायन्सच्या तासाला बसलात. त्यामागे नुसता शाळेचा समजूतदारपणा नव्हता. सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षण घ्यायला लावता येत नाही, असं आपल्या राज्यघटनेचं २८वं कलम सांगतं. (शिवाय पुण्यातली सगळी ‘कॉन्व्हेंट’ कॅथलिक नाहीत. बिशप्स आणि सेंट मेरीज या मुळात अँग्लिकन शाळा.)

अमेरिकेतली कॅथलिक शाळा पूर्णपणे खासगी असते. सगळ्या मुलांनी सरकारी शाळेतच गेलं पाहिजे अशी सक्ती राज्याला करता येणार नाही, असा निकाल तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९२५ साली दिला. त्या मोकळेपणावर या शाळा उभ्या आहेत. त्यामुळे इथे ‘रिलिजन’ हा गणित-विज्ञानासारखाच विषय असतो. बहुतेक ठिकाणी जवळजवळ रोज तास, गृहपाठ, चाचण्या, प्रगतिपुस्तकात ग्रेड. तो तास टाळायची सोय सहसा नसते. प्रवेशाच्या वेळी तुम्ही ज्या हँडबुकवर सही करता, त्यात हे लिहिलेलं असतं. ते पान नीट वाचा.

अभ्यासक्रम साधारणपणे डायोसिस, म्हणजे धर्मप्रांत, ठरवतो. पुष्कळ ठिकाणी सहावीला जुना करार असतो: अब्राहाम, मोशे, दहा आज्ञा, राजे आणि संदेष्टे. सातवीला येशूचं जीवन आणि नवा करार. आठवीला ख्रिस्तसभेचा इतिहास, संस्कार आणि नीतिशास्त्र. क्रम थोडा मागेपुढे होतो. डायोसिसच्या वेबसाइटवर ‘स्टँडर्ड्स’ बहुधा मिळतात. एका संध्याकाळी नवराबायकोने बसून वाचून काढा, म्हणजे वाद निदान खऱ्या गोष्टीवर होईल.

धर्मांतराची भीती घरात असेलच. वर्गात शिकवलं जातं ते कॅथलिक श्रद्धेच्या बाजूनेच, हे मान्य करून चला. पण देशभरात या शाळांतलं साधारण पाचातलं एक मूल कॅथलिक नसतंच, आणि शाळांना त्याची सवय आहे. कम्युनियन (मिस्सात पवित्र भाकरीचा प्रसाद घेणं) किंवा कन्फर्मेशन (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) कॅथलिक मुलांसाठीच असतं. आठवड्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, मात्र सगळा वर्ग रांगेने चर्चमध्ये जातो. तुमचा मुलगा इतरांबरोबर उभा राहील, बसेल. कम्युनियनच्या वेळी एक तर बाकावर बसून राहील, किंवा रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवेल. तसे हात दिसले की फादर प्रसाद न देता फक्त आशीर्वाद देतात. काय करायचं हे त्याला आधीच सांगून ठेवा. नाहीतर पहिल्याच आठवड्यात बिचारा ऐन रांगेत गोंधळेल.

खरी परीक्षा होते ती घरी, जेवणाच्या टेबलावर. सहावीत दहा आज्ञा येतात. पहिलीच आज्ञा ‘माझ्याशिवाय इतर देव नकोत’, आणि तिथेच मूर्तिपूजेचा निषेध. मुलगा देवघराकडे बघून विचारणार, “मग आपण चुकीचं करतो का?” यावर “पेपरात लिही आणि विसरून जा” हे उत्तर देऊ नका. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला त्यातला पळपुटेपणा लगेच कळतो. पेपरात ‘कॅथलिक शिकवणीनुसार’ असं म्हणून बरोबर उत्तर लिहायचं, हे त्याला सांगा. त्यात खोटं काही नाही. आणि घरी सगुण-निर्गुण बोला. ज्ञानेश्वरांना सगुण आणि निर्गुण एकच दिसलं, हे अकरा वर्षांच्या मुलाला कळणार नाही असं समजू नका. चर्चमध्येही पुतळे असतात, मग ते त्यांचं काय करतात, हा प्रश्न त्याने वर्गात नम्रपणे जरूर विचारावा. चांगले शिक्षक अशा प्रश्नाने खूश होतात. हिंदू धर्मासह इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं व्हॅटिकनने १९६५ साली लेखी म्हटलेलं आहे. हे सासूबाईंनाही सांगून बघा.

अडचण अशी की आपल्यापैकी बऱ्याच जणांना त्याच्या प्रश्नांची उत्तरंच येत नाहीत. आरत्या पाठ, पण गणपतीचं विसर्जन का करतात म्हटलं की गाडी अडते. या शाळेत गेलेल्या मुलाला तीन वर्षं रोज एक नीट मांडलेली धर्मव्यवस्था शिकायला मिळेल. घरची बाजू मांडायला तुम्हालाही थोडं वाचावं लागेल. त्याच्या गृहपाठासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घरात आणून ठेवा. या मराठी अनुवादाला २०१३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आजी-आजोबांनाही नातू काय शिकतोय ते त्यातून कळेल. (वसईहून परदेशी आलेल्या कॅथलिक वाचकांना हा सगळा सल्ला गमतीचा वाटत असेल. ते जेवणाच्या टेबलावर याच्या बरोबर उलटे प्रश्न झेलत असतात.)

विज्ञानाची काळजी करू नका. उत्क्रांतिवाद कॅथलिक शाळांत शिकवला जातो. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठवासी होता, आणि विश्व प्रसरण पावतं हे १९२७ मध्ये मांडणारा लमेत्र कॅथलिक धर्मगुरू. लैंगिक शिक्षण मात्र चर्चच्या भूमिकेतूनच होतं. गर्भनिरोधन, समलिंगी नाती यांबद्दल तुमच्या घरातली मतं वेगळी असतील, तर ते बोलणं तुम्हालाच करावं लागेल.

आता गणित. इथे नवऱ्याची शंका रास्त आहे. आठवीपर्यंतच्या बऱ्याच पॅरिश शाळांत (म्हणजे स्थानिक चर्चच्या शाळांत) दर इयत्तेला एकच तुकडी असते, त्यामुळे हुशार मुलांसाठी वेगळा गट करणं अवघड जातं. मोठ्या पब्लिक शाळांत सहावीपासूनच वरचा गट निघू शकतो. ‘तुमचं मॅथ स्ट्राँग आहे का’ असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. गेल्या वर्षी आठवीतल्या किती मुलांनी अल्जेब्रा वन पूर्ण केलं, आणि त्यातल्या कितींना हायस्कूलने नववीत थेट जॉमेट्रीला बसवलं, हे विचारा. आकडा सांगता आला नाही, तर समजून घ्या. इंग्रजीत बाजी बहुधा उलटते. व्याकरण, शब्दसंग्रह आणि निबंध यांवर या शाळांत जुन्या वळणाची मेहनत अजून घेतात. माझ्या मते मिडल स्कूलसाठी हीच यांची सर्वांत मोठी जमेची बाजू.

मुलाला आयईपी (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी आखलेला लेखी शिक्षण-आराखडा) असेल किंवा लागण्याची शक्यता असेल, तर मात्र मी पब्लिक शाळाच सुचवेन. तिथे त्या सेवांवर त्याचा कायदेशीर हक्क असतो. पालकांनी स्वतःहून खासगी शाळा निवडली की तो तसा राहत नाही, आणि जे मिळतं ते बरंच कमी असतं. फी विचारताना पॅरिशनरांची (त्या चर्चच्या सभासदांची) आणि बाहेरच्यांची वेगळी आहे का, तेही विचारा. तुम्हाला दुसरी लागू होईल. दिवाळीची रजा आणि हातावरची मेहंदी चालते का, हेही लगे हाथ विचारून घ्या. युनिफॉर्मच्या नियमांत कधी कधी मेहंदीही अडकते.

जानेवारीच्या अखेरीस कॅथलिक स्कूल्स वीक असतो. तेव्हा बहुतेक शाळा ओपन हाउस ठेवतात. तिथे तुम्ही दोघं जा. मुलासाठी वेगळा ‘शॅडो डे’ मागा, म्हणजे तो एक अख्खा दिवस सहावीच्या वर्गात बसेल. ऑफिसला सांगून त्यासाठी मुद्दाम मिस्साचाच दिवस घ्या, आणि त्या दिवशी रिलिजन आणि गणित हे दोन्ही तास आहेत ना, याची खात्री करा.