मत्याश या स्लोव्हेनियन नावाविषयी

लुब्लियानातील नव्या नोकरीत आपल्या वरिष्ठांचे नाव मत्याश आहे; या नावाचा उगम काय, ते उच्चारावे कसे आणि त्यांना संबोधावे कसे, असे आपण विचारले आहे.

मराठी बायबलमध्ये ज्याला मत्थिया म्हटले आहे, त्या प्रेषिताचे हे नाव असून मूळ हिब्रू अर्थ 'देवाची देणगी' असा आहे. मतिया हे त्याचेच दुसरे स्लोव्हेनियन रूप. मत्याशला मात्र खरे वजन आले ते लोककथेमुळे. पंधराव्या शतकात तुर्की स्वाऱ्यांनी हा प्रदेश होरपळत असताना तुर्कांशी लढणारा हंगेरीचा राजा मात्याश कोर्विनस (राज्यकाळ 1458 ते 1490) येथील शेतकऱ्यांच्या कथा-गीतांत न्यायी 'क्राल्य मत्याश', म्हणजे मत्याश राजा, होऊन बसला. तो पेत्सा डोंगराखाली सैन्यासह झोपला आहे आणि त्याच्या दाढीचे टेबलाभोवती नऊ वेढे पूर्ण झाले की उठून लोकांना सोडवील, अशी कथा आहे. विशेष म्हणजे हा राजा स्लोव्हेनियन नव्हता, तरी लोकांनी त्याला आपला मानले. फुटबॉलमुळे आपल्या कानावर मत्याश केक हे नाव पडेलच. 2010 चा विश्वचषक आणि 2024 ची युरो स्पर्धा देशाच्या संघाने त्यांच्याच मार्गदर्शनाखाली खेळली.

उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे 'त्या'वर द्यावा. लिहिताना (Matjaž) शेवटच्या झेडवर छोटी टोपी असते. ती ईमेलमध्येही गाळू नये. नाव एकटे उच्चारताना तिथे 'श' ऐकू येतो, परंतु विभक्ती लागताच 'प्लेझर'मधला मऊ 'झ' परत येतो: 'मी मत्याशला पाहिले' यातील कर्म 'मत्याझा' होते, 'मत्याशला दिले' म्हणताना 'मत्याझू', तर 'मत्याशबरोबर' यासाठी 'झ मत्याझेम'. परभाषेतील नावांनाही विभक्ती लागतात, त्यामुळे बैठकीत आपले नाव बदललेल्या रूपात ऐकू आले तर ती चूक समजू नये. मराठी माणसाला 'गणेश'चे 'गणेशाला' होणे अंगवळणी पडलेले असल्याने हे लवकर जमते.

संबोधन मात्र सोपे आहे: हाक मारताना नाव मूळ रूपातच राहते. सुरुवातीला 'गोस्पोद' (श्रीयुत) आणि आडनाव, सोबत आदरार्थी 'वी' (तुम्ही), असे बोलावे. एकेरी 'ती' (तू) वापरण्याचा प्रस्ताव वरिष्ठांकडूनच येऊ द्यावा. पुष्कळ कार्यालयांत तो पहिल्याच आठवड्यात येतो, आणि मग नुसते 'मत्याश' म्हणण्यात कोणताही अनादर नसतो.