चौकटी काढून करिअर होतं का?

प्रश्न : मुलगा पदवीधर आहे. आठ महिने रात्री जागून परदेशी कंपन्यांचं ऑनलाइन काम करतोय. फोटोतल्या गाड्या, माणसं, सिग्नल यांच्याभोवती चौकटी काढायच्या, एवढंच. डॉलर मिळतात म्हणून नोकरीसाठी अर्जच करत नाही. हे काम खरं असतं का? त्याला थांबवू का?

उत्तर : काम खरं आहे. विनाचालक गाडीला रस्ता ओळखायला शिकवतात ते अशाच चौकटींवरून. आणि हा धंदा कालचा नाही. कंबोडियात 2001 मध्ये डिजिटल डिव्हाइड डेटा या संस्थेनं गरीब तरुणांना टायपिंगची कामं द्यायला सुरुवात केली. बारीकसारीक कामं ऑनलाइन वाटणारी अ‍ॅमेझॉनची साइट, मेकॅनिकल टर्क, 2005 ची. जागतिक बँकेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात ऑनलाइन गिग काम, म्हणजे नोकरीशिवाय सुटी सुटी कामं करणारे 15 कोटी 40 लाख ते 43 कोटी 50 लाख असावेत. अंदाजातली ही तफावतच बघा. ही माणसं कुणाच्या हजेरीपटावर नाहीत.

माझी काळजी तीच आहे. काम इतकं बारीक चिरलेलं असतं की करणारा कोण, हे कुणाला कळावं लागत नाही. तुमच्या मुलानं आज सोडलं तर उद्या ढाक्यातलं किंवा मनिलातलं कुणी तरी त्याहून कमी पैशांत करेल. लीला जनाह यांनी 2008 मध्ये गरिबांना असं ऑनलाइन काम देणारी समासोर्स काढली ती दान नको, काम द्या या विचारानं. पुढे त्याच कंपनीच्या केनियातल्या कामगारांना चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयसाठी हिंसक, किळसवाणा मजकूर वाचून त्यावर खुणा करण्याचे तासाला साधारण 1.32 ते 2 डॉलर हातात पडत होते, असं टाइम नियतकालिकानं जानेवारी 2023 मध्ये छापलं. (मुलाला पडद्यावर काय काय बघावं लागतं, तेही एकदा विचारा. बहुतेक पालक फक्त कमाई विचारतात.)

त्याला महिनाभर वही ठेवायला सांगा. काम शोधण्यात गेलेला वेळ, फुकट दिलेल्या चाचण्या, नाकारलेली कामं, साइटचं कमिशन, डॉलर बदलताना झालेली कपात, सगळं मांडून तासाला काय पडलं ते काढू दे. दुसरं, एखाद्या क्लायंटनं त्याला नावानं पुन्हा बोलावलंय का? एका साइटवर कमावलेलं रेटिंग सहसा दुसरीकडे नेता येत नाही आणि खातं बंद झालं तर सगळं शून्यावर. ओळखणारा क्लायंट मात्र सोबत येतो. फिलिपिन्समध्ये व्हर्च्युअल असिस्टंट, म्हणजे घरबसल्या ऑनलाइन मदतनीस म्हणून काम करणारे कित्येक जण एकाच मालकाचा पत्रव्यवहार, हिशेब वर्षानुवर्षं सांभाळतात, ते याच जोरावर. चौकटींवरून इतरांचं काम तपासण्याकडे, तिथून हिशेब, सबटायटल किंवा सॉफ्टवेअर चाचणीकडे सरकता येतं. पण त्यासाठी रात्रीचे दोन तास कमाईतून काढून शिकण्याला द्यावे लागतील आणि डॉलर दिसत असताना ते जड जातं.

फसवणुकीचं म्हणाल तर, काम देण्याआधी नोंदणी फी किंवा अनामत मागणारा चोर समजा. स्वतःचं खातं कुणाला भाड्यानं देऊ नये.

थांबवू नका. नोकरीचे अर्ज मात्र सोबत सुरू राहू देत. आठ महिन्यांत पुन्हा बोलावणारा एकही क्लायंट नसेल, तर मला परत लिहा. त्या वेळी पत्र त्याला लिहू द्या, वहीसकट.