गोळी बंद करून पुन्हा तपासलं, आता दुर्बीण कशाला?

प्रश्न : माझं वय 63. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. आतड्याच्या कॅन्सरसाठी शौचाची 'फिट' चाचणी (शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी) केली, ती पॉझिटिव्ह आली. डॉक्टर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करा म्हणाले. थोरल्या बंधूंचं म्हणणं, 'रक्त गोळीमुळेच आलं असणार. आठवडाभर गोळी बंद ठेव आणि पुन्हा तपास.' तसं केलं, चाचणी निगेटिव्ह आली. आता दुर्बीण टाळली तर चालेल ना?
ता. क. गोळी बंद असताना एका सकाळी उजवा हात लुळा पडला होता. दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बरा झाला.

उत्तर : आधी ताजा कलम. हे छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र वाचताच तुम्हाला फोन केला. इथे लिहिते आहे ते इतरांसाठी.

ठोके अनियमित असले की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की पक्षाघात. या आजारात तो धोका जवळपास पाचपट होतो आणि गोळी त्यासाठीच असते. नव्या गोळ्यांचा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो, म्हणजे आठवड्यातले बरेचसे दिवस तुम्ही उघड्यावर होतात. हात आपोआप बरा झाला तरी तो पक्षाघाताचा छोटा झटकाच समजायचा. त्यानंतर मोठा झटका येण्याची भीती पहिल्या 48 तासांत सर्वाधिक असते.

हात किंवा पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, जीभ अडखळणं, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं, यातलं काहीही झालं की घड्याळ बघा आणि थेट हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. शेवटची गोळी कधी घेतली तेही तिथे सांगा, इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं.

आता दुर्बीण. टाळू नका. पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरची छोटी वाढ) किंवा गाठ रोज रक्त सोडत नाही, त्यामुळे दुसऱ्या वेळचा निगेटिव्ह पहिला पॉझिटिव्ह खोडू शकत नाही. आणि गोळी निरोगी आतड्यातून उगाच रक्त काढत नाही. बहुतेकदा आधीच कुठेतरी नाजूक जागा असते. 'फिट'साठी गोळी थांबवायची गरजही नसते. पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो, पण पॉलिप अनेकांत सापडतात आणि ते त्याच वेळी काढता येतात. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. आपल्या हातात असलेला वेळ तो हाच.

पॉलिप काढायचा तर गोळी थोडे दिवस थांबवतात, हे खरं. पण किती, हे गोळी कोणती, मूत्रपिंड कसं चालतं आणि आता हा हाताचा प्रकार, यावरून हृदयाचे आणि दुर्बिणीचे डॉक्टर मिळून ठरवतील. दोघांनाही हाताचं सांगा. तपासणीपेक्षा आदल्या रात्रीचं आतडं साफ करणारं जुलाबाचं औषधच जास्त छळतं, एवढी तयारी ठेवा.

तुमच्या आतड्यात कॅन्सर किंवा मोठा पॉलिप निघाला, तर सख्ख्या भावंडांचा धोकाही वाढलेला धरतात. मग बंधूंना सल्ला बाजूला ठेवून स्वतः दुर्बिणीच्या टेबलावर झोपावं लागेल. तसं निघालं, तर तुमच्या मुलांनीही चाळिशीपासून तपासणी सुरू करावी.